चौकटीची राखण : चित्रपट जसा घडला तसा दाखवण्याचा इतिहास

चित्रपट पुरा होऊन प्रयोगशाळेतून बाहेर पडतो तेव्हा त्याच्या चार गोष्टी ठरलेल्या असतात : चौकटीचे लांबी-रुंदीचे गुणोत्तर, चित्रे पुढे सरकण्याचा वेग, रंग किंवा कृष्णधवल छटा, आणि दृश्यांचा क्रम व लांबी. या चारींच्या मेळातून दिग्दर्शक, छायालेखक आणि संकलक यांची कलाकृती उभी राहते. पण चित्रपट प्रत्येक खेळाला नव्याने साकार व्हावा लागतो. प्रोजेक्टर चालवणारा ऑपरेटर, वितरक, दूरचित्रवाणी केंद्र, कॅसेट काढणारी कंपनी, अलीकडे घरातला टीव्हीसंचसुद्धा, यांतल्या प्रत्येकाच्या हाती ही कलाकृती मोडण्याची ताकद असते. निगेटिव्ह तिजोरीत सुखरूप असतानाही चित्रपट दाखवताना बिघडू शकतो. तो बिघडू नये म्हणून झालेल्या झगड्याला आता शंभर वर्षे होत आली आहेत.

पहिला घाव वेगावर पडला. मूकपटांच्या काळात कॅमेरा हाताने फिरवला जाई आणि सेकंदाला साधारण सोळा ते वीस चित्रे टिपली जात. बोलपट आला तेव्हा ध्वनीसाठी वेग स्थिर ठेवणे भाग पडले आणि सेकंदाला चोवीस चित्रे हे प्रमाण रूढ झाले. त्यानंतर जुने मूकपट नव्या यंत्रांवर लावले गेले, ते या वाढीव वेगानेच. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कोरोनेशन सिनेमात लोकांसमोर आला. त्याची लांबी सुमारे ३,७०० फूट होती. पस्तीस मिलिमीटरच्या एका फुटात सोळा चित्रे मावतात. म्हणजे सेकंदाला सोळा चित्रांच्या वेगाने तो तासाभराहून थोडा अधिक चालेल, चोवीसच्या वेगाने एक्केचाळीस मिनिटांत संपेल. मूकपटातली माणसे दुडुदुडु धावतात, हातवारे झटक्याझटक्याने करतात, ही पिढ्यानपिढ्या पक्की झालेली समजूत या चुकीच्या वेगातून आली आहे. त्या काळच्या प्रेक्षकाने पडद्यावर पाहिलेली चाल बरीचशी नैसर्गिक होती. एका अख्ख्या युगाची कला नंतरच्यांना हास्यास्पद वाटू लागली, आणि दोष मात्र त्या युगाचा नव्हता.

चौकटीचे प्रकरण याहून गुंतागुंतीचे आहे. बोलपटाच्या पहिल्या वर्षांत ध्वनीची पट्टी फिल्मवर आल्याने चित्राची रुंदी घटली होती. १९३२ मध्ये हॉलिवूडच्या अकादमीने १.३७ : १ हे गुणोत्तर प्रमाण मानले. त्याच वर्षी कोल्हापुरात प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ तयार झाला. प्रभातचा सारा सुवर्णकाळ, ‘कुंकू’, ‘माणूस’, ‘संत तुकाराम’, या जवळपास चौकोनी चौकटीतच घडला. पुढे अमेरिकेत घरोघरी टीव्ही आले आणि चित्रपटगृहे ओस पडू लागली. प्रेक्षकाला परत ओढण्यासाठी स्टुडिओंनी पडदा रुंद केला. १९५२ मध्ये सिनेरामा आला आणि १९५३ मध्ये ‘द रोब’ या चित्रपटाबरोबर सिनेमास्कोप. सुरुवातीला २.५५ : १ आणि पुढे २.३५ : १ अशी ही लांबच लांब चौकट होती. भारतात १९५९ मध्ये गुरुदत्त यांनी ‘कागज के फूल’ सिनेमास्कोपमध्ये काढला. छायालेखक व्ही. के. मूर्ती यांनी त्यात स्टुडिओचे रिकामे, अंधारे अवकाश आणि त्यातला एकटा माणूस रचला तो या रुंदीच्या आधारावर. तिथली मोकळी जागा हीच त्या चित्राची गोष्ट आहे.

टीव्हीला मागे टाकण्यासाठी रुंद केलेले हे चित्रपट थोड्याच वर्षांत टीव्हीलाच विकले गेले. २३ सप्टेंबर १९६१ रोजी एनबीसी वाहिनीने शनिवार रात्रीच्या चित्रपटांची मालिका सुरू केली आणि पहिलाच चित्रपट निवडला तो सिनेमास्कोपमधला : ‘हाउ टू मॅरी अ मिल्यनेअर’. टीव्हीचा पडदा ४ : ३ चा. रुंद चित्र त्यात कसे बसवायचे? काढलेला मार्ग असा : मूळ चित्राचा एक तुकडा निवडायचा, तेवढाच पडदाभर दाखवायचा, आणि महत्त्वाची गोष्ट दुसऱ्या टोकाला घडू लागली की तो तुकडा यांत्रिकपणे तिकडे सरकवायचा. या पद्धतीला पॅन अँड स्कॅन म्हणतात. २.३५ गुणोत्तराच्या चित्रातला जवळजवळ ४३ टक्के भाग तिच्यात नाहीसा होतो. चित्राचा भाग जातो तो जातोच, शिवाय नको ती भर पडते. दोन टोकांना बसून बोलणारी दोन माणसे एकाच अखंड दृश्यात दिसावीत अशी दिग्दर्शकाची योजना असते. तंत्रज्ञ त्याचे तुकडे करून एकदा हा चेहरा, एकदा तो चेहरा दाखवतो. म्हणजे न केलेले संकलन होते आणि कॅमेऱ्याने कधी न घेतलेले वळण चित्रात शिरते. दिग्दर्शकाचे नाव मात्र श्रेयनामावलीत तसेच राहते.

अमेरिकेतल्या दिग्दर्शकांनी न्यायालयाचे दार ठोठावले ते प्रथम जाहिराती आणि कापाकापीविरुद्ध. ऑटो प्रेमिंजर यांनी ‘अ‍ॅनॅटमी ऑफ अ मर्डर’ टीव्हीवर तुकड्या-तुकड्यांनी दाखवला जाऊ नये म्हणून कोलंबिया पिक्चर्सवर दावा लावला. १९६६ मध्ये ते हरले. टीव्हीचे हक्क विकताना अशी काटछाट रूढच आहे आणि कराराने ती गृहीतच धरली आहे, असा निवाडा झाला. जॉर्ज स्टीव्हन्स यांनी ‘अ प्लेस इन द सन’साठी दिलेल्या लढ्यालाही अखेर यश आले नाही. या निकालांनी एक गोष्ट उघड झाली. अमेरिकी कायद्याच्या नजरेत चित्रपटाचा मालक म्हणजे स्टुडिओ, आणि मालकाने आपल्या मालाचे काय करावे हा त्याचा प्रश्न. चित्रपट ज्याच्या डोक्यात जन्मला त्याला त्यात जागा नव्हती.

भारतात हाच प्रश्न वेगळ्या वाटेने आला. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले आणि शनिवारचा मराठी, रविवारचा हिंदी चित्रपट हा महाराष्ट्रातल्या घरांचा आठवड्याचा ठेवा झाला. १९८२ पर्यंत प्रक्षेपण कृष्णधवल होते, त्यामुळे एका पिढीने कितीतरी रंगीत चित्रपट प्रथम पाहिले ते करड्या छटांत. शिवाय दूरदर्शनच्या प्रणालीत सेकंदाला पंचवीस चित्रे सरकतात. चोवीसच्या हिशेबाने काढलेली फिल्म त्यावर चार टक्के जलद धावते. तीन तासांचा चित्रपट सात मिनिटे आधी संपतो आणि गाण्याचा सूर जवळजवळ अर्धा स्वर वर चढतो. गाणे हा ज्या चित्रपटाचा प्राण, त्याच्या बाबतीत ही लहान गोष्ट नव्हे. ऐंशीच्या दशकात व्हिडिओ कॅसेट आल्या आणि नासाडीचा कळस झाला. चित्राच्या खालच्या कडेने जाहिरातींच्या पट्ट्या धावत, कोपऱ्यात कंपनीचे बोधचिन्ह कायमचे ठाण मांडून बसे, चित्रपट तीन तासांच्या कॅसेटमध्ये मावत नसेल तर गाणी उडत. त्या काळात हे काही बिघडवणे आहे ही जाणीवच फारशी नव्हती.

ती जाणीव जगभर तीव्र झाली रंगांच्या वादातून. ऐंशीच्या दशकात कृष्णधवल चित्रपटांना संगणकाच्या साहाय्याने रंग देण्याचे तंत्र आले. टेड टर्नर यांनी १९८६ मध्ये एमजीएमचा जुना चित्रपटसंग्रह विकत घेतला आणि त्यातले चित्रपट रंगवायला काढले. कृष्णधवल चित्रात छायालेखक प्रकाशाने रंगवत असतो. कोणता पोत उजळावा, कोणता चेहरा अर्धा अंधारात राहावा, वेशभूषेचा रंग करड्याच्या कोणत्या छटेत उतरेल, हे सारे हिशेब त्याने केलेले असतात. वरून रंग चढवला की ते सगळे पुसले जातात. ‘द मॉल्टीज फाल्कन’ आणि ‘द अ‍ॅस्फाल्ट जंगल’ यांचे दिग्दर्शक जॉन ह्यूस्टन तेव्हा आजारी होते, तरी त्यांनी या प्रकाराचा जाहीर निषेध केला. ऑगस्ट १९८७ मध्ये त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने रंगवलेल्या आवृत्तीला नवा, स्वतंत्र कॉपीराइट मिळू शकतो असे ठरवले. मूळ कलाकृतीत ढवळाढवळ करणाऱ्याला कायद्याने बक्षीसच दिले. ‘सिटिझन केन’ बचावला तो ऑर्सन वेल्स यांच्या जुन्या कराराने. त्यात चित्रपटावरचा ताबा इतका पक्का लिहिलेला होता की १९८९ मध्ये टर्नर यांच्या कंपनीला तो रंगवण्याचा विचार सोडावा लागला.

ह्यूस्टन यांना न्याय मिळाला तो परदेशात आणि मृत्यूनंतर. १९८८ मध्ये फ्रान्सच्या ‘ला सँक’ वाहिनीने ‘द अ‍ॅस्फाल्ट जंगल’ची रंगीत आवृत्ती दाखवायचे ठरवले. ह्यूस्टन यांचे वारस आणि पटकथाकार बेन मॅडो न्यायालयात गेले. फ्रेंच कायद्यात कलाकृतीच्या कर्त्याचा नैतिक हक्क विकता येत नाही आणि तो मृत्यूने संपत नाही. मात्र ह्यूस्टन आणि मॅडो यांनी अमेरिकेत करार करून हे हक्क गमावले होते, असा प्रतिवाद झाला. खालच्या न्यायालयात जीत, अपिलात हार असे होत प्रकरण फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायपीठापर्यंत पोचले. २८ मे १९९१ रोजी त्या न्यायपीठाने निर्णय दिला की कर्ता कोणत्याही देशाचा असो, फ्रान्सच्या भूमीवर त्याच्या कलाकृतीच्या अखंडतेचे रक्षण होईल. डिसेंबर १९९४ मध्ये व्हर्सायच्या न्यायालयाने त्यानुसार वारसांच्या बाजूने अंतिम निकाल दिला. चित्रपटाच्या अखंडतेच्या इतिहासातला हा सर्वांत महत्त्वाचा निकाल मानायला हवा.

अमेरिकेत कायदा इतका पुढे गेला नाही, पण वादाने एक सोय निर्माण केली. १९८८ मध्ये काँग्रेससमोर साक्ष देणाऱ्यांत जॉर्ज लुकास होते. पूर्वजांचा वारसा पुढच्या पिढीला न बिघडवता मिळाला पाहिजे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. त्याच वर्षी राष्ट्रीय चित्रपट जतन कायदा झाला. दरवर्षी पंचवीस चित्रपट राष्ट्रीय नोंदवहीत घ्यायचे, आणि त्यांतला एखादा चित्रपट मूळ रूपात मोठे फेरफार करून दाखवला तर तशी सूचना देणारी पाटी लावायची, असे ठरले. १९८९ च्या पहिल्या पंचवीसांत ‘सिटिझन केन’ आणि ‘कॅसाब्लँका’ होते. पाटीची सक्ती १९९२ च्या सुधारणेत गेली, पण नव्वदच्या दशकात हा चित्रपट तुमच्या पडद्याच्या मापाला बसवण्यासाठी बदलला आहे, अशी ओळ स्टुडिओ स्वतःहून दाखवू लागले.

पुढे याच लुकास यांनी १९९७ मध्ये ‘स्टार वॉर्स’च्या मूळ तीन चित्रपटांत नवी दृश्ये, नवे संगणकीय प्राणी घातले आणि वर्षानुवर्षे मूळ आवृत्ती बाजारात नीट उपलब्ध होऊ दिली नाही. स्टीव्हन स्पिलबर्ग यांनी २००२ मध्ये ‘ई.टी.’मधल्या पोलिसांच्या हातातल्या बंदुका काढून वॉकी-टॉकी दिले, पण नंतर त्याचा पश्चात्ताप जाहीर करून मूळ चित्रपट परत आणला. कर्त्याचा हक्क मान्य केला तरी, लोकांनी पाहिलेली, त्यांच्या स्मृतीत रुजलेली कलाकृती पुसून टाकण्याचा हक्क कर्त्यालाही नसावा, हेच यातून निघते. नवी आवृत्ती काढायला हरकत नाही. जुनी मात्र शेजारी उपलब्ध असली पाहिजे.

चौकटीचा लढा दरम्यान बाजारातच जिंकला जात होता. वूडी अ‍ॅलन यांनी ‘मॅनहॅटन’ची चौकट कापू दिली नाही. त्यामुळे १९८५ च्या सुमारास त्याची व्हिडिओ कॅसेट वर-खाली पट्ट्या ठेवून, पूर्ण रुंदीत निघाली. १९८४ मध्ये सुरू झालेल्या क्रायटेरियन या कंपनीने लेझर डिस्कवर चित्रपट मूळ गुणोत्तरात देण्याची प्रथा पाडली. काळ्या पट्ट्या पाहून आपला पडदा वाया जातो आहे असे अनेक ग्राहकांना वाटे, तक्रारी येत. डीव्हीडी येईपर्यंत हा समज बदलू लागला होता. डेन्मार्कमध्ये सिडनी पोलॅक यांनी आपला ‘थ्री डेज ऑफ द काँडॉर’ कापून दाखवणाऱ्या सरकारी वाहिनीवर दावा केला. १९९७ च्या निकालाने चौकट कापणे ही कलाकृतीची मोडतोड आहे हे मान्य केले, जरी वाहिनीला जबाबदार धरले नाही. आणि सर्वांत मोठा पालट टर्नर यांच्याच घरात झाला. १४ एप्रिल १९९४ रोजी त्यांनी सुरू केलेली टर्नर क्लासिक मूव्हीज ही वाहिनी जुने चित्रपट जाहिरातींशिवाय, न कापता, कृष्णधवल ते कृष्णधवलच दाखवू लागली. रंगवलेल्या आवृत्त्या हळूहळू अडगळीत गेल्या.

टीव्हीचा पडदा १६ : ९ झाला आणि जखमेची जागा बदलली. आता जुने चौकोनी चित्रपट ताणले जाऊ लागले, नाहीतर पडदा भरावा म्हणून वरून-खालून कापले जाऊ लागले. ४ : ३ चे चित्र असे कापले तर उंचीचा चौथा हिस्सा जातो. डोक्यावरचे छत जाते, पायाखालची जमीन जाते. १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरवल्या गेलेल्या ‘संत तुकाराम’सारख्या चित्रपटाला आज सर्वांत मोठा धोका हाच आहे. त्याचे दिग्दर्शक दामले-फत्तेलाल यांनी माणसाभोवती जेवढी जागा ठेवली ती त्यांची रचना होती. चित्राच्या दोन्ही बाजूंना काळी जागा दिसत असेल तर तो चित्रपट नीट दाखवला जात आहे, असे समजावे.

चित्रपटगृहेही निर्दोष नव्हती. स्टॅन्ली कुब्रिक यांनी डिसेंबर १९७५ मध्ये ‘बॅरी लिंडन’ दाखवणाऱ्या ऑपरेटरांना पत्र लिहून चौकट १.६६ : १ ठेवावी, पडद्यावरचा उजेड किती असावा, हेसुद्धा आकड्यांत कळवले होते. तरी २०११ मध्ये त्याची ब्लू-रे १.७८ मध्ये निघाली आणि ते पत्र पुढे आल्यावर हा बदल चुकीचा असल्याचे दिसले. छत्तीस वर्षांपूर्वीच्या एका कागदामुळे वादाचा निकाल लागला. म्हणून चित्रपटाइतकीच त्याची कागदपत्रे जपणे आवश्यक आहे.

भारतात रंगांचा प्रश्न १२ नोव्हेंबर २००४ रोजी आला, तो ‘मुघल-ए-आझम’बरोबर. १९६० चा मूळ चित्रपट बराचसा कृष्णधवल आणि काही भाग रंगीत होता. शीशमहालातले गाणे रंगात उघडते तेव्हा त्या रंगाचा आघात मागच्या कृष्णधवल भागामुळे होतो. संपूर्ण रंगवलेल्या आवृत्तीत तो आघात उरला नाही, आणि लांबीही सुमारे वीस मिनिटांनी घटली. के. आसिफ यांना सगळा चित्रपट रंगीत हवा होता, हे खरे, आणि रंगवणाऱ्यांची मेहनतही प्रामाणिक होती. पण १९७१ मध्ये वारलेल्या दिग्दर्शकाला विचारणे शक्य नव्हते.

सरकारी नियमांनीही चौकटीत हात घातला. ऑक्टोबर २०१२ पासून पडद्यावर कोणी धूम्रपान करू लागले की तिथेच इशाऱ्याची ओळ दाखवणे बंधनकारक झाले. २०१३ मध्ये अ‍ॅलन यांनी ‘ब्लू जॅस्मिन’च्या चौकटीत ही ओळ येऊ देण्यास नकार दिला आणि चित्रपट भारतात प्रदर्शितच झाला नाही. इशारा सुरुवातीला आणि मध्यंतराला दाखवण्याची तरतूद नियमात होतीच. सार्वजनिक आरोग्याचा हेतू तेवढ्याने साधला असता. टीव्हीवर तर सिगारेट धुरकट करणे, शब्द गाळणे आणि शेवटची श्रेयनामावली उडवणे हा रोजचाच भाग झाला.

नव्या टीव्हीसंचांत आणखी एक बिघाड कारखान्यातूनच येतो. खेळ पाहण्यासाठी केलेली एक सोय दोन चित्रांमध्ये यंत्राने रचलेली जादा चित्रे घालते. त्यामुळे चोवीस चित्रांचा चित्रपट टीव्ही मालिकेसारखा गुळगुळीत दिसतो. डिसेंबर २०१८ मध्ये टॉम क्रूझ आणि दिग्दर्शक क्रिस्टोफर मॅक्वारी यांनी ही सोय बंद करा असे प्रेक्षकांना आवाहन केले. पुढच्या वर्षी अनेक कंपन्यांनी मिळून ‘फिल्ममेकर मोड’ जाहीर केला. त्यात वेग, गुणोत्तर आणि रंग मूळचे राहतात.

मूळ म्हणजे काय हे सांगता यायला मूळ हाती असावे लागते. पुण्यात फेब्रुवारी १९६४ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे महत्त्व म्हणूनच आहे. पी. के. नायर यांनी तिथे पंचवीसहून अधिक वर्षे डबे गोळा केले. फाळक्यांच्या चित्रपटांचे जे अवशेष आज पाहता येतात ते बव्हंशी त्यांच्यामुळे. मुंबईतल्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनने जतन केलेला ‘शोले’ जून २०२५ मध्ये इटलीतल्या बोलोन्यात दाखवला गेला. त्यात सत्तर मिलिमीटरची २.२ : १ ही चौकट आणि १९७५ मध्ये सेन्सॉर बोर्डाच्या आग्रहाने बदललेला मूळ शेवट, दोन्ही परत आले.

त्यानंतर लवकरच उलटी गोष्ट घडली. १ ऑगस्ट २०२५ रोजी २०१३ च्या ‘रांझणा’ची तमिळ आवृत्ती कृत्रिम बुद्धिमत्तेने बदललेल्या शेवटासह पुन्हा प्रदर्शित झाली. मूळ कथेत मरणारा नायक त्यात जगतो. दिग्दर्शक आनंद एल. राय यांनी तीव्र विरोध केला, पण हक्क निर्मात्याकडे होते. १९५७ च्या भारतीय कॉपीराइट कायद्याचे ५७ वे कलम कर्त्याला कलाकृतीची विटंबना रोखण्याचा हक्क देते, मात्र त्याच कायद्यात चित्रपटाचा कर्ता म्हणजे निर्माता. मुख्य दिग्दर्शकालाही सहकर्ता मानण्याचा प्रस्ताव मांडला गेला होता, पण २०१२ च्या सुधारणेत तो गळला. तो प्रस्ताव पुन्हा आणला पाहिजे. आणि तोवर निदान इतके तरी व्हावे : टीव्हीवर, चित्रपटगृहात किंवा इंटरनेटवर दाखवल्या जाणाऱ्या प्रत्येक बदललेल्या चित्रपटाच्या आरंभी काय कापले, काय रंगवले आणि काय नव्याने रचले, हे स्पष्ट लिहिण्याची सक्ती भारतात झाली पाहिजे.